एचपीव्ही पॉझिटिव्ह, पॅप नॉर्मल : आता पुढे काय?

अबोली_ठाणे

नमस्कार मंडळी. वय ४१, दोन मुलं, तक्रार काहीही नाही. ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये या वर्षी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठीच्या पॅप स्मिअरच्या जोडीला एचपीव्ही (ह्युमन पॅपिलोमा व्हायरस, ज्याने हा कॅन्सर होऊ शकतो तो विषाणू) डीएनए टेस्ट होती. रिपोर्ट असा : एचपीव्ही १६ निगेटिव्ह, १८ निगेटिव्ह, 'अदर हाय रिस्क' पॉझिटिव्ह. पॅप नॉर्मल. चेकअपवाल्यांनी पीडीएफ पाठवून दिली, खाली 'गायनॅकॉलॉजिस्टला दाखवा' एवढी एक ओळ. अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात आहे, पण तोवर जीवाला घोर लागलाय.

पॅप नॉर्मल असेल तर हे पॉझिटिव्ह कशाचं? कॅन्सरची सुरुवात म्हणायची का ही? नणंद म्हणते, दोन मुलं झालीत, पिशवी काढून टाक आणि सुटका करून घे. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो असं वाचलं, आणि त्यावर त्याच्या मनात पहिलं काय येईल हे मला कळतं, कारण माझ्याही मनात त्याच्याबद्दल तेच आलं.

इथे डॉक्टर मंडळी आहेत म्हणून विचारते. ज्यांना असा रिपोर्ट आला होता त्यांनीही लिहा.

मुक्ताफळ

अबोली, मला हाच रिपोर्ट आला होता, हेच 'अदर'. वर्षाने परत केली तर निगेटिव्ह. मधलं वर्ष इंटरनेट वाचण्यात घालवू नकोस, एवढंच सांगते. बाकी जाणकार लिहितीलच.

स्लाईडवाली

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, पॅपच्या काचा रोज बघते. तुमच्या रिपोर्टमध्ये कॅन्सर कुठेही लिहिलेला नाही, कॅन्सरची सुरुवातही नाही. हे आधी पक्कं करा आणि मग पुढचं वाचा.

पॅपमध्ये आम्ही गर्भाशयमुखावरच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. केंद्रक फुगलंय का, रंग गडद झालाय का, कडा वेड्यावाकड्या झाल्यात का. म्हणजे पेशी बिघडल्यावरच आम्हाला ते दिसणार. एचपीव्ही टेस्टमध्ये पेशीच्या रूपाकडे कुणी बघतच नाही. नमुन्यात विषाणूचा डीएनए (काही किटमध्ये आरएनए) आहे की नाही, एवढंच मशीन सांगतं. कोविडच्या काळात आरटी-पीसीआर सगळ्यांच्या तोंडी होतं, बऱ्याचशा एचपीव्ही टेस्ट त्याच जातीच्या. त्यामुळे एक पॉझिटिव्ह आणि दुसरी नॉर्मल यात विरोध काही नाही. विषाणू आहे, पेशी अजून ठीक आहेत.

एचपीव्हीचे २०० च्या वर प्रकार आहेत. हातापायावरचे चामखीळ त्यातल्याच काहींमुळे होतात. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरशी संबंध असलेले डझन-दीड डझन. बहुतेक किट १४ प्रकार शोधतात. १६ आणि १८ वेगळे दाखवतात आणि उरलेले ३१, ३३, ४५, ५२, ५८ वगैरे १२ एकत्र करून 'अदर' म्हणून सांगतात. असं का, तर जगभरातल्या या कॅन्सरपैकी साधारण ७० टक्के एकट्या १६-१८ च्या खात्यावर आहेत. त्यातही १६ सगळ्यात द्वाड. तुमचे हे दोन्ही निगेटिव्ह आहेत. ही चांगली बातमी रिपोर्टमध्येच होती, कुणी वाचून दाखवली नाही.

संसर्ग झालेल्या दहातल्या नऊ जणींचं शरीर दोनेक वर्षांत हा विषाणू आपसूक दाबून टाकतं. जो वर्षानुवर्षं ठाण मांडून बसतो तोच पेशी बिघडवतो, आणि त्यालाही कॅन्सरपर्यंत पोचायला बहुधा १५-२० वर्षं लागतात. पकडायला एवढा मोठा अवधी देणारा कॅन्सर दुसरा क्वचितच असेल. एचआयव्ही असलेल्या बायकांत मात्र हा काळ बराच कमी होतो, त्यांचं वेळापत्रक वेगळं.

थोडं आतलं लिहिते. पॅप चांगली येणं बऱ्याच हातांवर अवलंबून असतं. नमुना नीट खरवडला का, काचेवर पसरल्या पसरल्या अल्कोहोलमध्ये गेला का, रक्त फार नाही ना, आणि दुपारी चारला शंभरावी काच बघणारी माझी नजर ताजी आहे का. युरोप-अमेरिकेतल्या अभ्यासांत एका पॅपने गंभीर पूर्वबदलांपैकी (कॅन्सरच्या आधीचा पेशींमधला बिघाड) साधारण निम्मे पकडले, एचपीव्ही टेस्टने ९० टक्क्यांच्या वर. ज्या देशांत पॅपने मृत्यू कमी केले तिथे ती दर दोन-तीन वर्षांनी, आयुष्यभर केली गेली. एका वेळी सुटलेलं पुढच्या वेळी सापडतं. आपल्याकडे बाई आयुष्यात एकदा येते. त्या एकदात काय वापरायचं, हा खरा प्रश्न आहे.

आणि लॅबवाल्यांबद्दल एक तक्रार. '२८ प्रकारांचं पॅनेल' म्हणून जे विकतात त्यात ६ आणि ११ सारखे लो रिस्क प्रकारही असतात. त्यांचा कॅन्सरशी संबंध नाही, स्क्रीनिंगमध्ये ते शोधून काही उपयोग नाही, बाई घाबरते तेवढी. किट जितकं जास्त संवेदनशील तितकं चांगलं, असंही नाही. विषाणूचे चार कण कुठेतरी पडलेले सापडले म्हणून कुणाला कॉल्पोस्कोपीला, म्हणजे गर्भाशयमुख दुर्बिणीतून बघायला, झोपवायचं नसतं. म्हणून स्क्रीनिंगच्या किटला कटऑफ ठरवलेला असतो. ज्याच्या खालचं प्रमाण पुढे आजारात जात नाही, ते निगेटिव्ह धरायचं. लॅबला विचारायचंच असेल तर 'किती प्रकार शोधता' याऐवजी 'हे किट स्क्रीनिंगसाठी प्रमाणित आहे का' हे विचारा. आणि रिपोर्टवर इंटर्नल कंट्रोल 'व्हॅलिड' लिहिलंय ना ते बघा. नमुन्यात पेशीच आल्या नसतील तर चांगलं किट निगेटिव्ह म्हणत नाही, इनव्हॅलिड म्हणतं.

हेमंत_पु

माहिती चांगली आहे, पण मला शंका आहे. आधी पॅप होती, मग लस आली, आता पॅप अधिक एचपीव्ही, आणि पॅकेजची किंमत वाढत चाललीय. शंभरातल्या आठ-दहा बायका पॉझिटिव्ह येणार, त्यातल्या बहुतेकींना काहीच होणार नाही, पण सगळ्या अबोलीताईंसारख्या रात्री जागणार. 'पूर्वबदल जास्त सापडले' हे मला पुरत नाही. जे सापडलं ते आपोआप जाणारंच असेल तर? या टेस्टने मरणाऱ्या बायका कमी झाल्या, असं कुणी मोजून दाखवलंय का? आणि तेही भारतात.

काळी_माती

हेमंत, रास्त विचारलंत. मोजून दाखवलंय, आणि आमच्या जिल्ह्यात दाखवलंय.

मी आरोग्य खात्यात होते, आता निवृत्त. त्या प्रकल्पात माझं काम नव्हतं, पण आमच्याच भागात सगळं चाललेलं, त्यामुळे जवळून बघितलं. १९९९ च्या अखेरीस उस्मानाबाद जिल्ह्यात (आता धाराशिव) अभ्यास सुरू झाला. मुंबईचं टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि फ्रान्समधल्या लिआँची आयएआरसी ही जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था, असे तिघे मिळून. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बायका, गावांचे ५२ समूह. कुठल्या गावांना काय मिळणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. एका गटाला एचपीव्ही टेस्ट, दुसऱ्याला पॅप, तिसऱ्याला व्हीआयए म्हणजे ॲसेटिक ॲसिड लावून डोळ्यांनी बघणे, आणि चौथ्याला नेहमी जे मिळतं तेच. तपासणी एकदाच. दर वर्षी नाही, पाच वर्षांनीही नाही. एकदा.

आठ वर्षं त्या बायकांचा माग ठेवला आणि २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये निकाल आला. एचपीव्ही गटात ३४,१२६ बायका, त्यात या कॅन्सरने गेलेल्या ३४. काहीच न केलेल्या गटात ३१,४८८ बायका, गेलेल्या ६४. म्हणजे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर. पुढच्या टप्प्यात सापडणारे कॅन्सरही निम्म्याहून कमी झाले. पॅपच्या आणि व्हीआयएच्या गटात म्हणावा असा फरक पडला नाही. ज्या बायका एचपीव्ही निगेटिव्ह आल्या त्यांच्यात पुढच्या आठ वर्षांत हा कॅन्सर जवळपास दिसलाच नाही. आज दोन तपासण्यांत पाच-दहा वर्षांचं अंतर ठेवा म्हणतात, त्यामागे असले आकडे आहेत.

हे बार्शीलाच का जमलं, तेही सांगते. तिथे १९८७ पासून कॅन्सरची ग्रामीण नोंदणी आहे, देशातली पहिली. बार्शी, परंडा, भूम या तालुक्यांतल्या खेड्यांत माणसं फिरायची. कुणाला कॅन्सर झाला, कोण कशाने गेलं, घरात बसून विचारून लिहून आणायची. खेड्यात मृत्यूच्या दाखल्यावर कारण धड लिहिलेलं नसतं. ही सवय आधीच लागलेली नसती तर 'मृत्यू कमी झाले' असं छातीठोकपणे कुणी म्हणूच शकलं नसतं.

बायकांना आणणं सोपं नव्हतं. खुरपणीच्या दिवसांत तर विचारूच नका. 'मला काय झालंय म्हणून येऊ?' हा पहिला प्रश्न. पाळी गेलेल्या बाया म्हणायच्या, 'आता दुकान बंद झालं, आत काय बघताय.' कुणी शाळेच्या खोलीपर्यंत यायची, ट्रेमधलं स्पेक्युलम (आतलं दिसावं म्हणून घालायचं साधन) बघायची आणि पदर सावरत उलट्या पावली घरी. मग सासूला आधी तपासायचं. सासू बाहेर येऊन 'काय दुखत नाही गं' म्हणाली की मागोमाग सुना आत. हे कुठल्या जर्नलमध्ये छापत नाहीत.

हेमंत_पु

हे खरंच माहीत नव्हतं. आकड्यांबद्दल आभार. पण चौथ्या गटातल्या ३१ हजार बायकांना आठ वर्षं काहीच दिलं नाही? हे कुणाला खटकलं नाही?

काळी_माती

खटकलं. इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्समध्ये यावर लेख आले, उत्तरं-प्रत्युत्तरं झाली. एक बाजू म्हणते, पॅप उपयोगी आहे हे जगाला ठाऊक असताना एका गटाला तशीच सोडणं चूक. दुसरी म्हणते, तेव्हा त्या जिल्ह्यात कुणालाच काही मिळत नव्हतं, आणि अभ्यास झाला नसता तर पुढेही मिळालं नसतं. मला दोन्ही पटतं आणि दोन्हींचा त्रास होतो. पण मला जास्त टोचतं ते वेगळंच. निकाल येऊन इतकी वर्षं झाली. ज्या जिल्ह्याच्या बायकांनी जगाला हे शिकवलं, तिथल्या आरोग्य केंद्रात मी निवृत्त होईपर्यंत एचपीव्ही टेस्ट पाहिली नाही.

अबोली_ठाणे

ताई, वाचून अंगावर काटा आला. आमचं गाव तुळजापूरजवळ आहे, आणि हे घरात कधी कुणी बोललेलं ऐकलं नाही.

रानजाई

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, जिल्ह्याच्या गावी प्रॅक्टिस. काळी_मातीताईंना दंडवत, पण व्हीआयएला एकदम मोडीत काढू नका. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटानेच १९९८ पासून दुसरा अभ्यास केला, दीड लाख बायकांचा. तिथे वस्तीतल्याच, जेमतेम दहावी झालेल्या बायकांना शिकवून दर दोन वर्षांनी व्हीआयए केली, चार फेऱ्या. मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. म्हणजे तीही चालते, पण पुन्हा पुन्हा करावी लागते, आणि करणाऱ्याच्या नजरेवर सगळी भिस्त. ॲसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा चट्टा उठतो का बघायचं. एक सिस्टर ज्याला चट्टा म्हणेल त्याला दुसरी नुसती सूज म्हणेल. पन्नाशीनंतर तर तो भाग आत सरकतो, दिसतच नाही. आपल्या सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत ३० ते ६५ वयाला दर पाच वर्षांनी व्हीआयएच आहे. तीही होते किती? एनएफएचएस-५ (सरकारची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी) म्हणतं, ३० ते ४९ वयातल्या जेमतेम १.९ टक्के बायकांची ही तपासणी कधीतरी झालेली. शंभरात दोन! आणि दर वर्षी देशात सव्वा लाखाच्या आसपास नव्या रुग्ण, पाऊण लाखाच्या वर मृत्यू.

आता अबोली, तुमच्याबद्दल. ही टेस्ट पॉझिटिव्ह आली की पुढचा प्रश्न एकच : कोणाला दुर्बिणीखाली बघायचं आणि कोणाला थांबवायचं? १६ किंवा १८ असेल तर पॅप काहीही असो, कॉल्पोस्कोपी करतो. 'अदर' असेल आणि पॅप नॉर्मल, तर बहुतेक ठिकाणी वर्षभराने पुन्हा टेस्ट. तेव्हा निगेटिव्ह आली तर तुम्ही परत नेहमीच्या रांगेत. तीच पॉझिटिव्ह टिकून राहिली तर कॉल्पोस्कोपी. जागतिक आरोग्य संघटना तर या स्थितीत दोन वर्षांनी बघितलं तरी चालेल म्हणते. तुमचे डॉक्टर लगेच कॉल्पोस्कोपी करू म्हणाले तरी दचकू नका. आपल्याकडे वर्षाने या म्हटलेली बाई येतेच असं नाही, म्हणून आम्ही कधी कधी हातातली बाई सोडत नाही. कॉल्पोस्कोपी म्हणजे ऑपरेशन नव्हे. दुर्बीण बाहेरच राहते. ॲसिड लावायचं, आयोडीन लावायचं, मोठं करून बघायचं, वाटलं तर तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घ्यायचा. चिमटा काढल्यासारखं होतं.

त्या तुकड्याच्या तपासणीत (बायोप्सी) सीआयएन-२ किंवा ३, म्हणजे गंभीर पूर्वबदल, निघालं तर तेवढाच भाग उपचाराने काढता येतो. थर्मल ॲब्लेशन, म्हणजे १०० अंश तापवलेलं यंत्राचं टोक त्या जागेला वीस-तीस सेकंद लावायचं. जुन्या बाया याला 'तोंड शेकलं' म्हणतात. किंवा लीप, म्हणजे तारेच्या कड्याने तो थर काढायचा. बहुतेकदा त्याच दिवशी घरी. पिशवीला कुणी हात लावत नाही.

आणि टेस्टच्या आधी : पाळीच्या दिवसांत नको, दोन दिवस आतून गोळ्या-क्रीम नको, संबंध नको. वाईट वाटतं ते हे की पॅकेजवाले यातलं काही सांगत नाहीत आणि मग अर्ध्या काचांवर रक्त.

तिफण

पिशवीवरून लिहितो. अबोलीताईंच्या नणंदेला राग येऊ नये, पण मी बीडचा आहे आणि 'काढून टाक' हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. २०१९ मध्ये सरकारने ऊसतोड बायकांची पाहणी केली तेव्हा १३ हजारांवर जणींची पिशवी काढलेली निघाली, त्यात तिशीतल्या कितीतरी. अंगावरून पांढरं जातंय, ओटीपोट दुखतंय म्हणून बाई गेली की 'ठेवली तर कॅन्सर होईल' हे ठरलेलं वाक्य. कोयत्यावर असताना पाळीची कटकट नको म्हणून बाईही तयार होते, मुकादमाकडून उचल घेऊन पैसे भरते. काहींची अंडाशयंही सोबत गेली, पस्तिशीत हाडं ठिसूळ झाली. तिथे कुणी आधी एचपीव्ही टेस्ट केली असती आणि निगेटिव्हचा कागद बाईच्या हातात असता तर 'कॅन्सर होईल' म्हणायला तोंड उरलं नसतं. या टेस्टचा उपयोग नको ते ऑपरेशन थांबवायलाही होऊ शकतो, याबद्दल कुणी बोलत नाही.

रानजाई

तिफण, अगदी. पांढरं जाणं बहुतेकदा साधा जंतुसंसर्ग असतो, गोळ्यांनी बरा होतो.

केतकी_मेलबर्न

इथला अनुभव लिहिते. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०१७ पासून दोन वर्षांनी होणारी पॅप बंद करून पाच वर्षांनी एचपीव्ही टेस्ट सुरू केली, वय २५ ते ७४. मला वाटलं होतं पैसे वाचवायला करतायत, नंतर कारण कळलं. जुलै २०२२ पासून तर स्वतःचा नमुना स्वतः घ्यायची सोय सगळ्यांना आहे. क्लिनिकमध्ये लांब काडीचा स्वॅब हातात देतात, पडद्याआड जायचं, काही सेंटीमीटर आत घालून वीस-तीस सेकंद फिरवायचा, नळीत घालून परत द्यायचा. स्पेक्युलम नाही, कुणी बघत नाही. माझी आई इथे आली होती तेव्हा तिला सांगितलं तर म्हणाली, 'एवढंच असेल तर मीही केलं असतं की.' आयुष्यात कधीच तपासलं नव्हतं तिने.

स्लाईडवाली

केतकीने महत्त्वाचं लिहिलंय. पीसीआरवर चालणाऱ्या टेस्टला बाईने स्वतः घेतलेला नमुना डॉक्टरच्या नमुन्याइतकाच चालतो, हे आता बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. हायब्रिड कॅप्चरसारख्या जुन्या पद्धतीत जरा कमी पडतो. मात्र त्या स्वॅबवर पॅप करता येत नाही, कारण गर्भाशयमुखाच्या पेशी त्यात पुरेशा नसतात. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या बाईला पुढच्या टप्प्याला यावंच लागतं. पण शंभरातल्या दहांना आणणं आणि शंभर जणींना आणणं, यात फरक आहे ना? काळी_मातीताईंच्या त्या उलट्या पावली जाणाऱ्या बायकांच्या हातात हा स्वॅब द्यायला हवा होता.

पर्वरीकर

आमच्या गोव्याचं नाव घ्यायलाच हवं. ट्रूनॅट मशीन गोव्यातल्या कंपनीचं, कोविडमध्ये सगळ्यांना माहीत झालं. बॅटरीवर चालतं, एसी लॅब लागत नाही, तासाभरात निकाल. टीबीसाठी तालुक्या-तालुक्यात ही मशीन आधीच बसलेली आहेत. तेच मशीन एचपीव्हीची चिप टाकली की एचपीव्ही बघतं. टीबीच्याच जीनएक्स्पर्ट या दुसऱ्या मशीनचंही तसंच, काडतूस बदललं की झालं. म्हणजे मशीन विकत घेण्याचा प्रश्न अर्धा सुटलेलाच आहे. बाई सकाळी आली, दुपारी निकाल, पॉझिटिव्ह असेल तर त्याच दिवशी शेकून घरी, असं करता येईल.

रानजाई

करता येईल, पण चिप-काडतुसाचा खर्च कोण देणार आणि टीबीच्या नमुन्यांच्या रांगेत हे कधी घुसवणार, हे ठरवावं लागेल. ट्रूनॅटची पहिली चिप चारच प्रकार बघायची : १६, ३१, १८, ४५. मला त्यात मोठी अडचण वाटत नाही, कारण आपल्याकडचे बहुतेक कॅन्सर याच मंडळींचे. पण तुलना करताना हे लक्षात ठेवा.

माझ्या मते मशीनपेक्षा अवघड गोष्ट पुढची आहे. शिबिर होतं, फोटो होतात, नमुने जातात. महिन्याने रिपोर्ट येतो तेव्हा बाई ऊसतोडीला गेलेली, फोन नवऱ्याचा, तो लागत नाही. पॉझिटिव्ह आलेली बाई उपचारापर्यंत पोचली नाही तर आपण तिला फक्त भीती दिली. धाराशिवला मृत्यू कमी झाले ते टेस्टने एकटीने नाही केले, पॉझिटिव्ह बायकांना कुणीतरी घरून उचलून आणलं म्हणून झाले. जागतिक आरोग्य संघटनेचं २०३० चं लक्ष्य ९०-७०-९० आहे ना : ९० टक्के मुलींना लस, ७० टक्के बायकांची ३५ च्या आत एकदा आणि ४५ च्या आत पुन्हा चांगल्या टेस्टने तपासणी, आणि आजार सापडलेल्या ९० टक्के जणींना उपचार. त्यातलं तिसरं ९० सगळे विसरतात.

अबोली_ठाणे

सगळ्यांचे खूप आभार. आज डॉक्टरांकडे जाऊन आले. वर्षाने टेस्ट परत करायची, सध्या कॉल्पोस्कोपी नको म्हणाल्या. नणंदेला तिफण यांचा प्रतिसाद वाचायला दिला, गप्प बसली.

नवऱ्याचं मात्र अजून राहिलंय. डॉक्टरांना विचारायला धीर झाला नाही. हा विषाणू आत्ता आलेला असतो का?

स्लाईडवाली

कधी आला ते कुठलीच टेस्ट सांगू शकत नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी आलेला विषाणू शरीराने दाबून ठेवला आणि पंधरा-वीस वर्षांनी पुन्हा डोकं वर काढलं, असं होतं. शरीरसंबंध असलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी हा होतोच, कळत नाही एवढंच. हा रिपोर्ट ना तुमच्या चारित्र्याचा दाखला आहे ना त्यांच्या. पुरुषांना तपासायची मान्यताप्राप्त स्क्रीनिंग टेस्ट नाही, त्यामुळे त्यांना लॅबमध्ये पाठवू नका. आणि तुम्ही दोघं आत्तापर्यंत जसं राहत होतात तसंच राहा, पथ्य काही नाही. सिगरेट ओढत असाल तर तेवढी सोडा, तिने विषाणू टिकून राहायला मदत होते.

हेमंत_पु

नवऱ्यांच्या वतीने सांगतो : ही स्लाईडवालींची पोस्ट त्याला जशीच्या तशी वाचायला द्या. बाईने समजावण्यापेक्षा परक्याने लिहिलेलं आम्हाला लवकर पटतं, वाईट आहे पण खरं आहे.

आणि माझा एक प्रश्न. मुलगी २३ ची आहे, नोकरीच्या पॅकेजात हीच टेस्ट आहे. करू दे का?

रानजाई

नको. तिशीच्या आत ही टेस्ट केली तर पॉझिटिव्ह खूप जणी येतात आणि जवळपास सगळ्यांचं आपोआप जातं. लग्न ठरायच्या वयात हा कागद घरात नको. काही देश २५ पासून करतात, पण त्यांच्याकडे मुलींचं लसीकरण झालेलं आहे आणि पाठपुराव्याची यंत्रणा आहे. मुलीला लस दिली नसेल तर ती द्या. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक आहे, परदेशी लशीही आहेत. ९ ते १४ वयात सगळ्यात उत्तम, पण २३ लाही चालते. लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी चुकवायची नाही, कारण लस सगळ्या प्रकारांवर नाही आणि आधी झालेल्या संसर्गावर तिचा उपयोग नाही.

अबोली_ठाणे

शेवटचं. सासूबाई ६२ च्या, कधीच काही तपासलेलं नाही. या धाग्यामुळे स्वतःहून म्हणाल्या, माझी पण कर. या वयात उपयोग आहे का? त्यांना मधूनच थोडं लाल डाग दिसतो म्हणे, पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालीत.

रानजाई

अबोली, थांबा. स्क्रीनिंग हे काहीही तक्रार नसलेल्या बाईसाठी असतं. पाळी गेल्यावर लाल दिसणं ही तक्रार आहे, त्याला एचपीव्ही टेस्टची वाट बघायची नाही. टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून घरी बसायचंही नाही. ही टेस्ट गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर दाखवत नाही. बऱ्याचदा कोरडेपणामुळे डाग पडतो, काही निघत नाही. पण या आठवड्यात दाखवा. आतून तपासणी, सोनोग्राफी, लागलं तर अस्तराचा तुकडा. तुमचीच डॉक्टर चालतील. आजच नंबर लावा.

अबोली_ठाणे

शुक्रवारी सकाळी अकराची वेळ मिळाली.

काळी_माती

सोबत जा. त्यांना एकट्याला आत पाठवलं तर लाल डागाचं सांगणार नाहीत, 'गुडघे दुखतात' म्हणतील.